पावडर न लावलेली बाई

माझी नणंद व्हर्नेल रविवारच्या जेवणाला दुकानातला केक घेऊन आली. बरं, आणायचा तर आणावा, निदान घरच्या बशीत काढावा, वरून हाताने चार पेकनचे दाणे लावावेत, खोटं बोलण्याची थोडी तसदी घ्यावी. तेही नाही. प्लास्टिकच्या डब्यात, वर दुकानाचं लेबल, तसाच आणून टेबलाच्या मधोमध ठेवला, माझ्या केकच्या शेजारी. माझे यजमान गेले तेव्हा अख्ख्या गावाने घरी जेवण आणून दिलं होतं. त्यातसुद्धा दुकानातला केक नव्हता, आणि आमच्या गावात स्वयंपाक न येणाऱ्या बायका पुष्कळ आहेत.

पण केक हे निमित्त. माझी खरी तक्रार तिच्या तोंडाबद्दल होती. खुर्चीत टेकल्यापासून ती एकच गोष्ट घोळवत होती.

"पावडर होती गं ती. डॉक्टर झाले, मशिनी आणल्या, आणि पावडर कुठली अन् रोग कुठला ते कळेना. वर आपणच परत जायचं त्यांच्याकडे?"

"मी तर गेले बाई," पर्ली मे म्हणाली. पर्ली मे आमची शेजारीण. दर रविवारी आमच्याकडे जेवते आणि दर रविवारी म्हणते, आज सहज डोकावले.

"गेलीस, आणि काय निघालं?"

"पावडर."

"झालं तर. मग मी कशाला जाऊ?"

पर्ली मे हसली. माझी लेक मार्व्हा हसली नाही. ती कोंबडीच्या तुकड्याकडे बघत बसली होती, जणू तो काही कबूल करणार आहे. मार्व्हाची मुलगी जलीसा मला बर्फ घातलेला चहा ओतत होती. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ओतत राहिली. ग्लास भरून वाहिला.

व्हर्नेल खोटं बोलते आहे हे मला एव्हाना कळलं होतं. केकच्या बाबतीत जी तसदी तिने घेतली नाही, ती इथे घेत होती.

मला कसं कळलं, ते सांगते.

जुलैत आमच्या चर्चमध्ये बायकांचा रविवार असतो. त्या दिवशी प्रवचन बाई करते, गाणी बायका म्हणतात, आणि पुरुष स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी जाळतात. आम्ही सगळ्याजणी नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर टोप्या. टोप्यांची फुशारकी मी मारत नाही. माझ्या मागच्या बाकावर बसणाऱ्याला पाद्री दिसत नाही, एवढंच सांगते.

यंदा जलीसा अटलांटाहून कॅमेरा आणि छत्र्यांसारखे दिवे घेऊन आली. तिच्या मनात होतं की पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईचा टोपीसकट मोठा फोटो काढायचा आणि चर्चच्या जेवणाच्या हॉलमध्ये लावायचा.

"आजी, त्या भिंतीवर आजवर नुसते पाद्री आहेत."

"त्यातले दोन पळून गेलेत," मी म्हटलं. "जागा आहे."

मला फोटोची हौस नाही. शाळेत मी थोडीच वर्षं गेले, त्यात एकदा फोटोवाला आला होता. त्याने दिवा गोऱ्या मुलांच्या हिशोबाने लावलेला होता आणि तोच दिवा तो आमच्या शाळेत घेऊन आला. त्या फोटोत मी म्हणजे एक फ्रॉक आणि काही दात. आईने तो तरी जपून ठेवला, म्हणाली, दात तुझेच आहेत. जलीसाला मी हे सांगितलं तेव्हा ती माझ्या तोंडासमोर दिवा इकडून तिकडे हलवत राहिली, भाजी निवडावी तशा निगुतीने.

आणि मार्व्हा. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. बायकांच्या छातीची तपासणी करायची मशीन बसवलेली एक मोठी गाडी तिने त्याच रविवारी चर्चच्या अंगणात आणून उभी केली.

"आई, छातीचा कॅन्सर आपल्या बायकांना गोऱ्या बायकांपेक्षा जास्त होतो असं नाही. पण मरतात आपल्याच जास्त. आपल्याकडे उशिरा कळतं."

हे ती कित्येक वर्षं सांगते आहे, आणि कित्येक वर्षं बायका माना डोलावून घरी जात आहेत. मार्व्हाला लोकांची समजूत घालता येते, दम देता येत नाही. म्हणून मी उभी राहिले आणि नियम सांगितला. आधी गाडी, मग भिंत. जिची तपासणी पुरी झाली नाही, तिचं तोंड भिंतीवर लागणार नाही. टोप्यांच्या रांगेने अंगणाकडे वळायला फार वेळ लागला नाही.

व्हर्नेल सगळ्यांत पुढे. तिला भिंत सोडवणारच नव्हती. कॉलेजात असताना तिथल्या मुलांनी तिला त्या वर्षीची राणी निवडलं होतं, डोक्यावर मुकुट, मोटारीच्या टपावर बसून गावभर मिरवणूक. मग डेट्रॉइटला गेली, नोकरी केली, नवरा वारला तशी परत आली आणि तेव्हापासून नाकाने कांदे सोलते. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? पण घरात एखादी सुंदर असली की बाकीच्यांना कामं पडतात.

आता पावडरीचं. मार्व्हाने आदल्या रविवारीच बजावलं होतं, अंगाला काही लावू नका, पावडर नको, अत्तर नको. आम्हाला ऐकू आलं, कळलंही. पण परक्या माणसापुढे कपडे उतरवायचे, तेही जुलैत, आणि छातीवर पावडर नाही? आमच्या आयांनी आम्हाला तसं वाढवलं नव्हतं. डॉक्टरकडे जायचं तर अंग घासून, आतले कपडे कोरे घालून, पावडर लावून. कारण डॉक्टर आधी बघणार तुम्ही स्वच्छ आहात का, आणि दुखतं कुठे ते मग. गाडीतल्या मुलीने आम्हाला ओले रुमाल दिले, आम्ही पुसून घेतलं, गाऊन चढवून पडद्यामागे रांगेत उभ्या राहिलो. तिथे इतकं उकडत होतं, आणि इतकं उघडं वाटत होतं, की पर्ली मे म्हणाली, कोणाकडे काही आहे का गं. डबा माझ्या पर्समध्ये होता. मी दिला. मी कंजूस नाही.

डबा रांगेतून फिरला. व्हर्नेलपाशी आला तेव्हा तिने दोन बोटांनी उचलून पुढे सरकवला.

"मी काय तळायचा मासा आहे, पिठात घोळवायला?"

आम्ही सगळ्या हसलो. गाडी हलली इतक्या हसलो.

ऑगस्टमध्ये फोन सुरू झाले. मशीनने काढलेल्या हिच्या फोटोत पांढरे ठिपके, तिच्या फोटोत पांढरे ठिपके, परत या. एकजात सगळ्यांना. पर्ली मेने स्वतःच्या अंत्यविधीची गाणी निवडली आणि मोठा फ्रीझर भाचीला देऊन टाकला. मार्व्हा माँटगोमेरीला जाऊन तिथल्या डॉक्टरांपुढे बसली आणि काय घडलं ते शोधून काढून आली: पावडरीचे कण मशीनच्या फोटोत रोगासारखेच दिसतात. घरात शिरल्या शिरल्या तिने विचारलं, "आई, डबा कोणाचा होता?"

मी म्हटलं, "प्रार्थनेला उशीर होतोय."

मग सगळ्या परत गेल्या, कोरड्या अंगाने, आणि सगळ्या ठणठणीत निघाल्या. पर्ली मेने फ्रीझर परत मागितला. भाची अजून विचार करते आहे.

एकटी व्हर्नेल गेली नाही. ते मला माहीत होतं, पण मनात काही आलं नाही. सगळ्यांची पावडर, तशी तिचीही.

मग आजची सकाळ. चर्च सुटल्यावर हॉलमधले पडदे काढले आणि आम्ही भिंतीवर होतो.

जलीसाचं म्हणणं तिने मला नंतर गाडीत सांगितलं. फोटो मोठे करताना तिला प्रत्येकीच्या गळ्यावर पावडर दिसली होती. काळ्याभोर कातडीवर पांढरी रेघ, कोणाची गळ्याच्या वळीत, कोणाची मोत्यांच्या माळेखाली. बोट फिरवलं असतं तर कॉम्प्युटरवर पुसून गेली असती. तिने बोट उचललं आणि ठेवून दिलं. "आजी, लहानपणी तू मला जवळ घ्यायचीस तेव्हा माझ्या नाकाला तीच लागायची," ती म्हणाली. पोरीला सर्दीचा त्रास होता, त्याचं कारण हे असावं.

मी माझ्यासमोर उभी राहिले. मला गाल आहेत. वर आलेली हाडं आहेत, माझ्या आईसारखी. कातडी अशी दिसत होती की आत कुठे दिवा ठेवलाय. मी पाहून घेतलं आणि बाजूला झाले, नाहीतर लोकांना वाटलं असतं मला आवडलं.

तेवढ्यात व्हर्नेलचा आवाज आला. ती स्वतःच्या फोटोसमोर उभी होती आणि भोवती चार बायका जमवल्या होत्या.

"बघा, एकीचा तरी गळा असा आलाय? एक कण नाही. पावडरीला मी तीस वर्षांत हात लावलेला नाही."

"खरंय आत्याआजी," जलीसा म्हणाली. "सगळ्या भिंतीवर तुझाच एक गळा कोरा आहे."

गळा खरोखर सुरेख होता, नुकतं तेल पुसलेलं लाकूड असावं तसा. बायका हसल्या, मीही हसायला लागले, आणि हसता हसता माझ्या डोक्यात आलं. हिच्या अंगावर पावडर नव्हती. मग हिला फोन कशाचा आला?

मी मार्व्हाला शोधलं. ती खुर्च्या लावत होती. लावलेल्याच खुर्च्या. ती माझ्याकडे बघेना. माझी लेक दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल बोलत नाही, तिची नोकरी तशी आहे, आणि मी तिला खोटं बोलायला शिकवलेलं नाही. म्हणजे तिच्याकडे न बघण्यापलीकडे काही उरत नाही. महिनाभर ती ते एकटी वागवत होती. आत्याला फोन केले, आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि आत्याने जाळीच्या दारातूनच सांगितलं, पावडर असेल गं, तुझ्या आईचा डबा. हे मला आत्ता कळलंय. तेव्हा मला तिची पाठ दिसली, तेवढी पुरली.

मी जलीसाला म्हटलं, "तो फोटो भिंतीवरून उतरव आणि माझ्या गाडीच्या डिकीत ठेव."

"कुठला?"

"कोरा गळा."

मग आम्ही घरी आलो, मी मक्याचा ब्रेड गरम केला, आणि व्हर्नेल केक घेऊन आली.

जेवण झाल्यावर तिने ताटं उचलली. व्हर्नेलने ताट उचलणं म्हणजे टेबलावर असं काही आहे ज्याच्यापासून तिला पळायचंय. ते म्हणजे मार्व्हाचे डोळे. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटलं.

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"काय?"

"व्हर्नेल, माशाला पीठ नव्हतं."

तिने नळ सोडला. हात धुतले, धुतलेले हात परत धुतले. अंगठ्या काढून खिडकीत ठेवल्या.

"डावीकडे," ती म्हणाली. "काय आहे ते सांगत नाहीत. म्हणतात परत या, जवळून बघू. काही नसेलही म्हणतात."

"मग बघू दे की जवळून."

"तू अशी म्हणतेस जसं काही बघून ते थांबणारेत."

मी फडकं घेतलं आणि ताट पुसायला लागले. बोलणाऱ्या बाईकडे बघितलं की ती थांबते.

"वहिनी, तुला वाटतं पावडर मी डेट्रॉइटला गेले म्हणून सोडली. सगळ्यांना तसंच वाटतं, मीच सांगत आले. आईच्या शेवटच्या महिन्यात मी आले होते ना. तिला मिठी मारली. वर नुसती पावडर. मूठ मूठ लावलेली, कपड्यावर सांडलेली. आणि तिच्याखालून वास."

मी ताट पुसत होते. छातीला बांधलेल्या त्या पट्ट्या शेवटी मीच धुतल्या होत्या. सासूबाईंनी वर्षभर कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही. पावडर आणि जुन्या चादरीच्या पट्ट्या, यांच्यावर भागवलं. लोकांना आम्ही हृदय सांगितलं, कारण हृदय सगळ्यांना असतं.

"तेव्हापासून कोणी डबा उघडला की मला आई दिसते," व्हर्नेल म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या रांगेत मी कशी उभी होते ते माझं मला माहीत. आता मला कापतील, केस जातील, शेवटी मी पण पट्ट्या बांधून बसेन. त्यापेक्षा भिंतीवर जशी आहे तशी राहू दे ना. लोक म्हणतील, काय दिसायची. तेवढं पुरे मला."

"बरं," मी म्हटलं.

तिने अंगठ्या घातल्या, डोळे टिपले आणि बाहेर गेली. तिला वाटलं, मिटलं. पन्नास वर्षं झाली मला या घरात येऊन, आणि नणंदेला अजून माझं 'बरं' कळत नाही.

मी मागच्या दाराने डिकीपर्यंत गेले. फोटो जड होता. तो आणून टेबलावर उभा केला, दुकानातल्या केकच्या डब्याला टेकवून. केकचा तेवढा उपयोग झाला.

"हा इथे कसा?" व्हर्नेल म्हणाली.

"मी आणला."

"भिंतीवरून काढलास? वहिनी, तू माझा फोटो भिंतीवरून काढलास?" ती पर्ली मेकडे वळली. "बघ गं, बघ. आयुष्यभर हिला माझा चेहरा खुपला. आज हातच घातला. तू तरी सांग हिला काहीतरी."

पर्ली मे नेहमी व्हर्नेलच्या बाजूने असते, कारण माझ्या बाजूने बसलं की भांडी घासावी लागतात. तिने तोंड उघडलं. मग फोटोकडे पाहिलं. टोपीपासून सुरुवात केली, डोळे, हनुवटी, आणि गळ्यापाशी येऊन थांबली.

"व्हर्नेल," ती हळूच म्हणाली, "तू डबा पुढे सरकवला होतास."

जलीसाने फोटोकडे पाहिलं, तिचा स्वतःचा फोटो, स्वतःच लावलेला दिवा, आणि तिचा हात तोंडावर गेला. कोरा गळा म्हणून सकाळी तिनेच कौतुक केलं होतं.

मार्व्हाने ग्लास खाली ठेवला. "आत्या, तू काय ते सांगावंस असं माझं म्हणणं नाही," ती म्हणाली. "मला फक्त एक सांग. दवाखान्यात माझ्या स्वतःच्या तपासणीला दर वेळी विचारतात, घरात कोणाला काय होतं. मी दर वेळी सांगते, आजीला हृदय. बरोबर आहे ना?"

व्हर्नेल माझ्याकडे बघायला लागली. मी टेबलावर सांडलेला चहा पुसत होते. हे तिच्या आईचं होतं, तिनेच सांगायचं.

ती फोटोतल्या बाईकडे वळली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, एक टोपीवाली आणि एक बिनटोपीची.

"तिचं हृदय चांगलं होतं," व्हर्नेल म्हणाली. "शेवटपर्यंत. तेच तर वाईट झालं."

मार्व्हाने मान हलवली. जलीसा उठली आणि आत्याआजीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. पर्ली मेने स्वतःच्या हाताने दुकानातल्या केकचं झाकण उघडलं, एक तुकडा कापला आणि खाल्ला. व्हर्नेलसाठी तिने एवढं केलं.

"मी येते तुझ्याबरोबर," ती घास गिळून म्हणाली. "मला वाट माहीत आहे. तिथे चहा देतात."

"मी कुठे जाते म्हटलं?" व्हर्नेल म्हणाली. "मी काहीही म्हटलेलं नाही. माझं वय झालंय, माझं अंग आहे, माझा फोटो आहे. मला कोणी सांगायचं कारण नाही."

मग मी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.

"व्हर्नेल, नियम मी केला होता, तपासणी पुरी झाली नाही तर भिंत नाही. तुझी अर्धी झाली आहे, म्हणून फोटो माझ्या घरी राहील. तू सुंदर आहेस. पन्नास वर्षांत मी हे म्हटलं नव्हतं, आता परत म्हणणार नाही, लक्षात ठेव. पण भिंत मी जिवंत बायकांसाठी मागितली होती, मेलेले तिथे आधीच पुष्कळ आहेत आणि सगळे पाद्री आहेत. तुझ्या आईला मला काही सांगता आलं नाही, त्या माझ्या सासूबाई होत्या. तू नुसती नणंद आहेस. उद्या सकाळी मार्व्हा गाडी काढेल, पुढे तू बसशील, मागे मी आणि पर्ली मे. ही फोटोतली टोपी घालून ये. आणि पावडर लावू नकोस. तेवढं एक तुला आधीपासून येतं."